संगमरवराला आंबट चालत नाही

बाथरूमच्या टाइल्सवर बुद्धाला बसवायचं नाही, एवढंच मी म्हटलं होतं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

भिलाईतल्या आमच्या सेक्टरच्या विहारात नागपूरहून पितळी मूर्ती येणार होती. वैशाखी पौर्णिमेला तिची स्थापना. मूर्तीखालच्या आसनाचा प्रश्न विहार समितीचे अध्यक्ष धोंडबाजी यांनी मिटिंगमध्ये एका दमात निकाली काढला. विटांचा चबुतरा, वर टाइल्स. टाइल्स त्यांच्या घरी उरलेल्याच होत्या. हिरव्या, आणि मधूनमधून एकेका टाइलवर तोंड उघडलेला मासा.

विहाराच्या मिटिंगमध्ये पुढे खुर्च्यांवर पुरुष ठराव मांडतात आणि मागे सतरंजीवर महिला मंडळ हात वर करतं. इतकी वर्षं हात वर करून करून माझा उजवा खांदा दुखतो, असं माझं स्वतःचं निदान आहे. त्या दिवशी मी हात वर करण्याऐवजी उभी राहिले.

"मासा नको, धोंडबाजी."

"कावून? मासा काय वाईट असते?"

"वाईट नसते. पण तो आंघोळीचा मासा आहे."

खुर्च्यांवर हशा झाला. धोंडबाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मंग तुमी बायकाच करा ना आसन." हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं, जशा आवाजात हट्टी पोराला म्हणतात, बरं बाबा, तूच चालव ट्रक.

"आमी करतो," मी म्हणाले. "संगमरवराचं करतो. एका दगडाचं."

मागून सिंधुताईंनी माझा पदर ओढला. सिंधुताई आमच्या मंडळात सगळ्यांत जुन्या, आणि कोणतंही काम सुरू होण्याआधी ते कसं होणार नाही हे सांगण्याची जबाबदारी त्यांची. "अवं संघमित्रा," त्या पुटपुटल्या, "तुह्या खानदानात संगमरवर पाह्यला आहे का कोणी?"

खरं होतं. आमच्या खानदानात दगड म्हणजे पाटा. पण ठराव लिहून झाला होता. महिला मंडळ आसन करील. पौर्णिमेपर्यंत न जमल्यास समिती टाइल्स लावील. म्हणजे आम्ही चुकलो की मासे.

मी शाळेत आठवीपर्यंतच गेले. त्यानंतरचं जे काही शिकले ते हाताला लागेल त्यावरून. आधी ह्यांच्या प्लांटमधून येणारी सुरक्षेची पत्रकं, मग वाचनालय, आता मोबाइल. त्या आठवड्यात मी मोबाइलवर संगमरवराशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. खुशबूनं, म्हणजे माझ्या मुलीनं, घरात जाहीर करून टाकलं, "मम्मी पत्थर की हो गई है."

मला वाटायचं, संगमरवर सुरुंग लावून फोडतात. तसं केलं तर दगडाच्या पोटात बारीक भेगा पडतात, वरून दिसत नाहीत आणि पुढे दगा देतात. म्हणून चांगल्या खाणीत तो कापून काढतात. वरून एक भोक, समोरून एक भोक, दोन्ही आत एकमेकांना भेटली पाहिजेत. त्यातून हिऱ्याचे मणी ओवलेली तार घालायची, टोकं जोडून तिची माळ करायची आणि यंत्रावर ती गरागरा फिरवत, वर पाणी सोडत, डोंगराला ताक घुसळल्यासारखं कापत जायचं. मग घराएवढा तुकडा सुटतो. त्याला आडवं पाडण्याआधी खाली मातीची आणि चुऱ्याची जाड गादी घालतात, पडताना लागू नये म्हणून. माझी दोन बाळंतपणं झाली, मला कोणी एवढी गादी घातली नव्हती.

"हिऱ्याच्या मण्यांची माळ असते म्हणे," मी जेवताना ह्यांना सांगितलं. आमचे हे, नरेश, सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये काढलेले. लोखंड सोडून इतर पदार्थांना ते पदार्थ मानत नाहीत.

"ते औद्योगिक हिरे असते," ते म्हणाले.

"माही लग्नातली पोत पण औद्योगिकच होती," मी म्हणाले. ह्यांनी मान खाली घालून भात कालवला.

पण मला खरी माया लागली ती दुसऱ्याच गोष्टीनं. साधी चुनखडी जमिनीच्या पोटात खूप काळ दाब आणि उष्णता सोसत राहिली की तिचा संगमरवर होतो. म्हणजे इथल्या नंदिनी गावाच्या खाणीतून जो दगड येऊन आमच्या प्लांटच्या भट्ट्यांत जातो, त्याच घराण्यातला हा. फक्त यानं जास्त सोसलं. दाब आणि उष्णता म्हणजे काय, हे मे महिन्यात भिलाईत सासरच्या गोतावळ्याचा स्वयंपाक केलेल्या बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हथखोजला सगळे लोखंडाचे कारखाने. काळी जमीन, काळे पत्रे, काळी कुत्री. त्यात मधेच एक कारखाना पिठाच्या गिरणीसारखा पांढरा. तो हिरालालचा. मूळचा राजस्थानचा, पण राग आला की छत्तीसगढीत बोलणारा. मी आणि सिंधुताई ऑटोनं गेलो. सिंधुताई येणार नव्हत्या, पण मी एकटीनं फसून आले असते तर त्यांना बघायला मिळालं नसतं.

हिरालालनं आधी चहा दिला आणि मग यंत्र दाखवलं. बेकरीत पाव कापतात तसं, पण पावाच्या जागी म्हशीएवढा दगड. शेजारी शेजारी पाती, वरून पाण्याची धार, आणि खालून ताकासारखं पांढरं पाणी वाहत होतं. पाती इतकी सावकाश खाली उतरत होती की सिंधुताईंना ती बंद वाटली.

"बंद आहे का हे?"

"चालू है, अम्मा. जल्दी करेंगे तो पत्थर फट जाएगा."

कापलेल्या पाटीच्या पाठीला जाळी लावतात आणि डिंकासारखं काही भरतात. लचकलेल्या कमरेला पट्टा बांधावा तसं. मग पॉलिश. गोल गोल फिरणाऱ्या घासण्या, पहिली खरखरीत, पुढची तिच्याहून बारीक, असं करत शेवटची जवळजवळ कापडासारखी. दगडाला वरून काही लावत नाहीत, हे ऐकून मी चाट पडले. चमक आतलीच असते. घासून घासून ती फक्त बाहेर काढायची.

हिरालालनं आरशासारखी चमकणारी एक जाड पाटी पुढे केली. मी बोट वाकवून ती वाजवली. आमच्याकडे उन्हाळ्यात माठ असाच घेतात. न वाजवता माठ घेणारी बाई मी पाहिलेली नाही. एका कोपऱ्यात ठण्ण, दुसऱ्या कोपऱ्यात भद्द.

"यहाँ कुछ है," मी म्हणाले.

हिरालालनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "दरार है. भरी हुई है. मैडम, आप लाइन में हैं क्या?"

माझी मान आपोआप ताठ झाली. पुढच्या पाट्याही मी वाजवल्या. सिंधुताईंनीही वाजवल्या, आणि मग हात सुटल्यामुळे हिरालालचा कूलरही वाजवून पाहिला. शेवटी एक पाटी अशी निघाली की वाजवल्यावर तिचा आवाज काही वेळ खोलीत राहिला. पांढरी, आणि मधून एक करडी रेघ, पावसाळ्यात शिवनाथ नदी दुर्गच्या पुलावरून दिसते तशी वाकडी. तीच घेतली. पैसे मंडळाच्या भिशीतून निघाले. ती कथा वेगळी आणि फार रटाळ आहे.

दगडाच्या कडा गोल होईपर्यंत मी परवानगीच्या मागे लागले. विहाराची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे आत काही बांधायचं तर सिविक सेंटरजवळच्या एका कार्यालयात विचारावं लागतं. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. मला अजून तिथे कामं पडतात. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, पण खुर्ची नव्हती.

"चबूतरा बनेगा?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे, हाँ."

"चबूतरा निर्माण है. निर्माण के लिए नक्शा, नक्शे के लिए इंजीनियर, इंजीनियर के लिए ऊपर से मंजूरी. पूर्णिमा कौन से साल की?"

मी विचार केला. "और टेबल हो तो?"

"टेबल फर्नीचर है. फर्नीचर में हमारा क्या काम."

"तो फिर टेबल है," मी म्हणाले.

"सीमेंट लगा तो निर्माण हो जाएगा," साहेबांनी मागून बजावलं. अशा रीतीनं, जगात बहुधा प्रथमच, बुद्धाचं आसन फर्निचर झालं. घरी येताना मला फार अपमान वाटत होता आणि थोडं हसूही येत होतं. या दोन भावना एकत्र आल्या की मला उचकी लागते.

टेबल म्हटलं की पाय आले. पाय म्हटल्यावर ह्यांचे डोळे चमकले. आतापर्यंत त्यांना या प्रकरणात कोणी विचारलंच नव्हतं. आता त्यांनी शॉपमधल्या दोन दोस्तांना बोलावलं, अंगणात वेल्डिंग मशीन आलं आणि लोखंडी स्टँड तयार झाला. त्यावर मूर्ती काय, मालगाडीचं इंजिन ठेवता आलं असतं. शिवाय दगड घसरू नये म्हणून चारही बाजूंनी लोखंडी पट्टीची कड.

"घसरून कुठं जाईल तो?" मी विचारलं.

"भूकंप आला तं?"

"आणि रंग?"

"रंग शेवटी. आधी लोड येऊ दे."

दगड टेंपोतून आला, फळ्यांवरून सरकत विहारात गेला आणि स्टँडवर बसला. खिडकीतून ऊन येत होतं. ती करडी रेघ उजळली. आम्ही बायका काही वेळ बोललोच नाही, आणि आमच्या मंडळात ही घटना नोंद घेण्यासारखी आहे. सिंधुताईसुद्धा एवढंच म्हणाल्या, "बरा दिसून राहिला." मला वाटलं, संपलं. जिंकलो.

दुसऱ्याच दिवशी मला भाचीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. विहाराची किल्ली मी सिंधुताईंना दिली आणि म्हणाले, "लक्ष ठेवा." एवढेच शब्द. आजही मी ते आठवून पाहते आणि त्यांत मला काही चूक सापडत नाही.

लग्न आटोपून परत आले, ती बॅग घेऊन तशीच विहारात गेले. दगडावर ओल्या गोणपाटांची थप्पी होती. खाली पाणी साचलेलं. सिंधुताई हातात बादली घेऊन उभ्या, चेहऱ्यावर समाधान.

"हे काय?"

"तराई करून राहिली."

"कशाले?"

"कशाले म्हणजे? नवं काम आहे. तराई नको? माह्या घरच्या स्लॅबले पाणी मारायचं मी एक दिवस चुकवलं नाही. पाह्य आजही, एक भेग नाही."

"सिंधुताई, तराई सिमेंटले असते."

"सिमेंटले असते तं दगडाले कावून नाही? सिमेंट काय मोठं लागून गेलं?"

मी गोणपाट उचललं. चारही कडांनी, लोखंडी पट्टीपासून आतवर, नारिंगी ओघळ उतरले होते. आमची शिवनाथ नदी दोन्ही काठांनी गंजली होती. बिनरंगाचं लोखंड, ओलं गोणपाट आणि पांढरा दगड. भिलाईत राहून लोखंड गंजतं हे आम्हाला माहीत नसावं, ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून ती संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरला माहीत झाली.

मग सल्ले आले. सिंधुताई म्हणाल्या, लिंबू चोळ. समोरच्या गीताबाई म्हणाल्या, चिंचेचा कोळ, तांब्याचा हंडा कसा लख्ख निघतो. शेजारचे सूर्यकांतराव, मूळ दुर्गचे, ज्यांची सगळी वाक्यं 'आमच्या दुर्गच्या घरी' अशी सुरू होतात, ते म्हणाले, "आमच्या दुर्गच्या घरी असे डाग आम्ही आंबट दह्यानं काढत असू." कोणी व्हिनेगर आणून दिलं. कोणी कैरी. आमच्या कॉलनीचं सगळं ज्ञान आंबट निघालं. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि काहीच लावलं नाही, कारण मोबाइलवर कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं की या दगडाला काहीतरी चालत नाही. काय चालत नाही, तेवढंच आठवत नव्हतं. मी ते शोधायला घरी गेले.

मी घरी शोधत असताना तिकडे आमचे हे विहारात पोचले.

"गंज हा माहा विषय आहे," असं ते सिंधुताईंना म्हणाले म्हणे. आणि होताच. मशीन शॉपमध्ये गंजलेला पार्ट आला की अ‍ॅसिड लावायचं, गंज सुटतो, खालून लोखंड चकचकीत. त्यांनी तीच बाटली आणली. सेफ्टीत काही कमी नव्हतं. हातमोजे, चष्मा, बूट, खिडक्या उघड्या. सगळे सुरक्षित होते, दगड सोडून.

या दगडाला आंबट चालत नाही, हे मोबाइलवर सापडताच मी धावत पोचले, तेव्हा आसन फसफसत होतं. सोड्याची बाटली उघडावी तसा पांढरा फेस, आणि बारीक चुर्र चुर्र आवाज. हे पाय फाकवून उभे होते, अभिमानानं.

"पाह्य, कसा गंज निघून राहिला."

माझ्या मागून खुशबू आली. तिनं एकदा फेसाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "पप्पा, ये दसवीं की केमिस्ट्री है. गंज नहीं निकल रहा. पत्थर निकल रहा है."

आम्ही बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. सिंधुताईंची तराई अखेर कामी आली. फेस थांबला. गंज खरोखरच गेला होता, यात शंका नाही. त्याच्याबरोबर चमक गेली होती, आणि जिथे जिथे अ‍ॅसिड ओघळलं होतं तिथे दगड तांदळाच्या भाकरीसारखा खरबरीत आणि पांढुरका झाला होता. ह्यांनी हातमोजे काढले. मला भांडायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी रिकाम्या बादल्या गोळा करायला लागले. लोखंडानं इतक्या वर्षांत त्यांना असं कधी फसवलं नव्हतं.

धोंडबाजी आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून आसनाभोवती एक चक्कर मारली आणि फार मायेनं म्हणाले, "होते असं, ताई. पहिली वेळ होती तुमची. मी टाइल्सा धुऊन ठेवतो."

ती माया मला जेवढी लागली तेवढं अ‍ॅसिड दगडाला लागलं नसेल. कारण त्या मायेत पुढच्या सगळ्या वर्षांचं उत्तर होतं. यापुढे मागच्या सतरंजीवरून कोणी बाई उठली, की कोणीतरी नुसतं हसून म्हणणार, आसन आठवते ना? आणि कोणी उठणारही नाही. पौर्णिमा तोंडावर आली होती.

मी हथखोजला फोन लावला. हिरालालनं सगळं ऐकून घेतलं, आणि मधे 'एसिड?' असं इतक्या हळू आवाजात विचारलं, जसं कोणाच्या घरी माणूस गेल्यावर विचारतात.

"सीमेंट से चिपकाया तो नहीं?"

"नाही. टेबल आहे ते."

"तो बच गया. उठाकर ले आओ. पर पॉलिश वाले सब अक्ती की शादियों में गाँव गए हैं. मशीन बंद." अक्ती म्हणजे छत्तीसगढची अक्षय तृतीया, लग्नांचा मोठा मुहूर्त.

"मंग?"

"मैडम, मशीन क्या करती है? घिसती है. मोटे से, फिर बारीक से, फिर और बारीक से. हाथ भी घिसता है. हाथ को टाइम लगता है, बस."

मी त्याच्याकडून घासायच्या वड्या घेऊन आले. साबणाच्या वडीएवढ्या, जड, प्रत्येकीचा खरखरीतपणा वेगळा. घासण्याबद्दल आम्हाला कोणी शिकवावं, हा विचार मनात आला आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. पाट्यावर वाटण, चुलीवरची काळी पातेली, दिवाळीचे पितळी डबे, कॉलरवरची ग्रीसची रेघ. प्लांटमधल्या माणसांच्या बायका आहोत आम्ही. घासणं हा आमचा विषय आहे.

दुपारी मंडळ जमलं. ह्यांनी कोणी न सांगता स्टँडची कड कापून काढली, त्याला रंगाचे हात दिले आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबा पट्टीसारख्या चिकटवल्या, म्हणजे लोखंडाचा आणि दगडाचा पुन्हा स्पर्श नको. मग ते दाराशी जाऊन बसले आणि पाणी आणून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. हातात बादली घेतलेला माझा नवरा मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

आसन जमिनीवर गादीवर ठेवलं, भोवती आम्ही बसलो. पहिल्या दिवशी खरखरीत वडी. पांढरं पाणी वाहू लागलं, हथखोजसारखंच. हात आपोआप गोल फिरायला लागले आणि हात फिरायला लागले की आमच्या बायकांची तोंडं चालू होतात. कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कोणाची रिटायरमेंट अडली, धोंडबाजींच्या बाथरूमला एवढ्या टाइल्स उरल्या म्हणजे ते आंघोळ तरी कुठं करतात. मला वाटतं, त्या दगडात आमच्या सेक्टरचा अर्धा इतिहास मुरला आहे.

घोटाळा सिंधुताईंनी केला. मधली वडी बोटांना झोंबते म्हणून त्यांनी गुपचूप सगळ्यांत बारीक वडी घेतली आणि आपला कोपरा चमकवून दाखवला. "पाह्या, तुमच्या आधी झाला." मी मोबाइलचा दिवा तिरपा धरला. चमकेच्या खाली खरखरीत वडीचे ओरखडे तसेच. अंगण न झाडता रांगोळी काढावी तसं.

"सिंधुताई, मागच्या वडीवर जा लागते."

"कायले? कोणाले दिसते ते?"

"मले दिसते."

"तुले तं माह्यं सगळंच दिसते. तराई केली तं तुले दिसली. आतापर्यंत मी काय कमी केलं वं?" त्यांनी वडी खाली ठेवली. "मी रोज दोन वेळा जाऊन पाणी टाकत होती. त्या दगडाले भेग पडू नये म्हणून."

सगळ्यांचे हात थांबले. त्यांनी लक्षच ठेवलं होतं, त्यांना जसं ठेवता येतं तसं. मी माझी मधली वडी घेतली, त्यांच्या कोपऱ्याशी जाऊन बसले आणि त्यांच्या चमकत्या तुकड्यावर पुन्हा घासायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातून वडी ओढून घेतली. "तुह्यानं होत नाही. जोर नाही तुह्या हातात." आणि त्यानंतर त्यांनी एकही वडी गाळली नाही. उलट, दुसरी कोणी पुढची वडी उचलू लागली की त्याच ओरडायच्या, "थांब वं, आधी दिवा धरू दे."

शेवटची वडी झाली तेव्हा सिंधुताईंनी दगड पुसला, वाकल्या आणि त्याला गाल लावला. डोळे मिटून त्यांनी गाल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "झाला."

आरसा काही झाला नव्हता. मशीनची ती चमक हाताला आली नाही. दगड दुधाच्या सायीसारखा झाला होता, मऊ आणि आतून उजळ. खाली वाकलं तर पूर्वी त्यात छताचा पंखा आणि ट्यूबलाइट दिसायचे. आता फक्त उजेड दिसत होता, आणि ती नदी.

पौर्णिमेच्या सकाळी दगड पुन्हा स्टँडवर बसला आणि विहार भरला. मूर्ती दाराशी ट्रॉलीवर, निळ्या कापडात. धोंडबाजींनी पांढरा सदरा घातला होता. आसनाजवळ येऊन त्यांनी त्यावर हात ठेवला. उचलला, पुन्हा ठेवला. मग ते माइकपाशी गेले.

"बंधू आणि भगिनींनो, आज जे सुंदर आसन आपण पाहून राहिलो, ते आपले नरेशभाऊ यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि महिला मंडळाच्या सहकार्यानं..."

मी सतरंजीवर होते. सिंधुताईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा वड्यांनी सोलवटलेला होता, माझाही. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, मासे तर नाहीत ना.

तेवढ्यात आमचे हे उठले. माइकवर बोलणं सोडाच, घरी फोनवरही ते बायकोला देतो म्हणून सुटतात. ते पुढे गेले आणि धोंडबाजींच्या हातातून माइक घेतला.

"माह्या मार्गदर्शनाखाली," ते म्हणाले, "फेस आला होता."

सगळा विहार हसला. खुर्च्या हसल्या, सतरंजी हसली, दारातल्या ट्रॉलीजवळचे हमालसुद्धा हसले. हे हसले नाहीत. हसू थांबेपर्यंत उभे राहिले. "आसन बायकांनी केलं. दगड त्यांनी पाह्यला, आणला त्यांनीच. बिघडवला मी. मंग घासून काढला तो त्यांनी. मी पाणी भरलं. सहकार्य माह्यं होतं." त्यांनी माइक परत दिला आणि आपल्या खुर्चीकडे न जाता भिंतीशी जाऊन उभे राहिले. मला एकदम उचकी लागली.

मग मूर्ती उचलायची वेळ झाली. समितीच्या चार दांडग्या माणसांनी तिला ट्रॉलीवरून उचललं, घामाघूम होत आसनापर्यंत आणलं आणि सवयीनं धोंडबाजींकडे पाहिलं. धोंडबाजींनी तोंड उघडलं, मिटलं. मग ते वळले. इतक्या वर्षांत प्रथमच खुर्च्यांवरून सतरंजीकडे कोणी विचारायला वळलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "ठेवायची का?"

मी उठले. पदर खोचला. आसनापाशी गेले. चौघांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी वाकून दगडावरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. मूर्तीच्या पायथ्याखाली घालायचं मऊ कापड सिंधुताईंकडून मागून घेतलं, नीट अंथरलं, एक सुरकुती दिसली ती काढली. मागे होऊन लांबून पाहिलं. मग पुन्हा पुढे आले आणि बोट वाकवून दगड वाजवला. त्याचा आवाज विहारभर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"ठेवा," मी म्हणाले.